ऊब, ओल आणि झाशीचा उन्हाळा

प्रस्तावना

बॉल पायथन घरी आणणाऱ्याच्या हातात पहिल्याच दिवशी चार आकडे पडतात. पेटीच्या उबदार टोकाला 32 अंश, गार टोकाला 26, रात्री 22 च्या खाली नको आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या पुढे. आकडे बरोबर आहेत, या पुस्तकातही तेच आहेत. अडचण वेगळी आहे. हे आकडे ज्या पुस्तकांतून आपल्याकडे आले, ती इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेली आहेत. तिथे खोली बहुतेक वर्षभर विशीच्या आसपास राखलेली असते. पेटीच्या एका टोकाला आणखी दहा-बारा अंशांची भर कशी घालायची, एवढाच प्रश्न पाळणाऱ्यापुढे उरतो. म्हणून त्या पुस्तकांची पानेच्या पाने तापवण्याच्या साधनांनी भरलेली असतात आणि गार करण्याविषयी जेमतेम परिच्छेदभर मजकूर सापडतो.

झाशीत बसून ती वाचली की अर्धीच उपयोगी पडतात. बुंदेलखंडाचा हा भाग ग्रॅनाइटचा. मे महिन्यात दुपारचा पारा 45 च्या आसपास असणे इथे नित्याचे आहे. 2024 च्या मे अखेरीस तो 49 अंशांवर गेला होता. दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो, त्यामुळे गच्चीखालची खोली पहाटेसुद्धा निवत नाही. जानेवारीत त्याच खोलीत पहाटे अंगावर दोन पांघरुणे लागतात आणि बाहेर धुके असते. जुलै-ऑगस्टात भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एकाच खोलीत, एकाच वर्षात, सापासाठी तीन वेगवेगळे धोके येऊन जातात आणि त्यांतल्या दोहोंवर हीट मॅट हे उत्तर नाही.

झाशीत मराठी घरे पेशवाईपासून आहेत. पण हे पुस्तक मराठीत असण्याचे कारण तेवढेच नाही. झाशीचा मे महिना नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूर इथल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. रत्नागिरी आणि मुंबईच्या वाचकाचा प्रश्न उलटा आहे, तिथे ओल कमी पडत नाही, ती जास्त होते. पुण्याचा वाचक दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. झाशीचे टोकाचे हवामान समजले की बाकीच्या गावांचे हिशेब त्यातून काढता येतात, म्हणून इथले उदाहरण धरून सगळे लिहिले आहे.

आता मुळात हा प्राणी कुठला, ते पाहू. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, वर्णन जॉर्ज शॉ यांनी 1802 मध्ये केले. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यातला हा साप. घाबरला की डोके मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो. अजगरांच्या कुळातला असूनही साडेचार-पाच फुटांच्या पुढे क्वचितच जातो, विषारी नाही, स्वभावाने भित्रा आहे. नीट सांभाळला तर 20-30 वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता आणि कित्येक वर्षांत तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. साप घेणारा मुलगा पंधरा वर्षांचा असेल, तर तो चाळिशीचा होईपर्यंत ही जबाबदारी त्याच्याकडे राहू शकते. हे आधी घरात बोलून घ्यावे.

हा साप गवताळ माळरानात राहतो असे सगळीकडे लिहिलेले असते आणि त्यावरून त्याला कोरडी हवा मानवते असा समज होतो. समज चुकीचा आहे. माळरान त्याचा मुलूख खरा, पण दिवसाचे तास तो काढतो उंदीर-घुशींच्या बिळात नाही तर वाळवीच्या पोकळ वारुळात. पश्चिम आफ्रिकेत हिवाळ्याच्या महिन्यांत सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो. आपल्याकडच्या लूइतकाच तो अंगातले पाणी शोषतो. त्या दिवसांत साप वर नसतो, दोन-तीन फूट मातीखाली असतो. तिथे तापमान फारसे हलत नाही आणि हवा दमट असते. तेव्हा ज्याची नक्कल करायची ते बीळ आहे, माळरान नाही. पेटीबद्दलचे माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

या सापाला अंगात उष्णता निर्माण करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. गिळलेला उंदीर पचवायला, रोगाशी लढायला, अंडी वाढवायला त्याला ठरावीक ऊब लागते आणि ती मिळाल्यावर तिथून बाजूला होता यावे लागते. म्हणून पेटीत एक तापमान असून चालत नाही, उबेकडून गारव्याकडे जाणारा उतार असावा लागतो. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. ती एकाच टोकाला असेल तर भित्रा साप लपण्यासाठी ऊब सोडतो किंवा उबेसाठी उघड्यावर राहतो आणि दोन्ही गोष्टी त्याला आजारी पाडतात. गारठ्यात भरल्या पोटी राहिलेला साप उंदीर उलटून टाकतो, छाती भरते, तोंडाशी बुडबुडे दिसू लागतात. पस्तिशीच्या वर अडकून पडलेला साप सैरावैरा फिरतो, मान वर ताणतो आणि चाळिशीच्या जवळ काही तास राहिला तर मरू शकतो. गारठ्याने झालेली हानी दिसायला दिवस लागतात आणि तोवर उपाय करता येतो. उष्णतेने होणारी हानी एका दुपारचे काम आहे.

ओलीचे काम अधिक गुंतागुंतीचे. कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो, डोळे दुधाळ निळे होतात. हवा कोरडी असेल तर कात एकसंध उतरत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यांवरचे पारदर्शक खवले मागे राहतात, शेपटीच्या टोकाला राहिलेले कडे रक्तपुरवठा तोडते. उलट बाजूला, तळच कायम ओला असेल तर पोटाचे खवले सडतात. म्हणजे हवा दमट हवी, पण साप ज्यावर बसतो तो पृष्ठभाग कोरडा. हे दोन्ही एकाच वेळी साधणे हेच या कलेतले खरे कौशल्य आहे.

ज्या ठिकाणी बहुतेकांची फसगत होते, तिथे जरा थांबतो. आर्द्रतामापकावरचा टक्का म्हणजे हवेतले पाणी नव्हे. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे पाणी धरू शकते त्याचा तो हिस्सा आहे. हवा तापली की भांडे मोठे होते, पाणी मात्र तेवढेच राहते. झाशीतली जानेवारीतली धुक्याची पहाट घ्या. बाहेर 7 अंश, आर्द्रता 90 टक्के. एका घनमीटर हवेत पाणी सुमारे 7 ग्रॅम. ही हवा पेटीत येऊन 30 अंशांवर तापली की तिची धारणशक्ती 30 ग्रॅमच्या वर जाते आणि आर्द्रता उरते 23 टक्के. बाहेर गवत दवाने भिजलेले असते आणि पेटीत साप वाळत असतो. हिवाळ्यात काती अडकल्याच्या तक्रारी वाढतात त्या यामुळे. तापवण्याचे साधन जितके जोरकस, तितकी पेटी कोरडी. ऊब आणि ओल ही दोन स्वतंत्र बटणे नाहीत. एकाला हात लावला की दुसरे हलतेच.

मे महिन्याचा हिशेब याच्या उलटा लागतो. दुपारी 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे 9 ग्रॅम पाणी असते, म्हणजे त्या जानेवारीच्या पहाटेपेक्षा जास्तच. एसी लावून ती हवा 30 अंशांवर आणली तर आर्द्रता तिशीपर्यंतच पोहोचते आणि एसी त्यातलेही पाणी काढून टाकू शकतो. कूलर मात्र पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. खोली 29-30 अंशांवर येते आणि आर्द्रता त्याच वेळी पन्नाशीच्या पुढे जाते. उत्तर भारताच्या आणि विदर्भाच्या घराघरांत असलेले हे यंत्र मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत सापासाठी सर्वांत योग्य साधन आहे आणि परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो, कारण तिथे त्याची गरज पडत नाही. झोत थेट पेटीवर येऊ द्यायचा नाही, खस किंवा गवताच्या ताट्या हंगामाच्या आधी बदलायच्या, टाकीतले पाणी शिळे होऊ द्यायचे नाही. पाऊस सुरू झाला की कूलर बंद. तेव्हा हवेतच पाणी भरलेले असते, वाफ होत नाही, खोली गार न होता नुसती चिकट होते.

साप सांभाळण्याच्या या विद्येचा इतिहास दोन वाटांनी आला आहे. एक वाट प्राणिसंग्रहालयांची. लंडनमध्ये 1849 साली जगातले पहिले सार्वजनिक सर्पगृह उघडले, पण पुढची कित्येक दशके उष्ण देशांतले साप सरसकट एका ऊबदार दालनात ठेवले जात आणि फार काळ टिकत नसत. पॅरिसमध्ये 1841 साली व्हॅलेन्सिएन यांनी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या मादी अजगराचे तापमान मोजले आणि ते भोवतालपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. स्नायू आखडून-सोडून ती ऊब निर्माण करते, हे 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अभ्यासातून पक्के झाले. बॉल पायथनची मादी असे थरथरत नाही. तरीही ती अंड्यांना इतकी घट्ट का कवटाळते, या प्रश्नावर फाबियाँ ओब्रे आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये उत्तर दिले. अंड्यांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा मोठा धडा आहे. या जातीत आईसुद्धा उबेपेक्षा ओलीची काळजी वाहते.

लंडनच्या सर्पगृहाची सूत्रे 1923 मध्ये जोन प्रॉक्टर यांच्याकडे आली. त्यांनी आखलेली नवी इमारत 1927 मध्ये उघडली. तिच्यात निरनिराळ्या भागांना निरनिराळी ऊब आणि प्रकाश देण्याची सोय होती, म्हणजे एका दालनाचा विचार मागे पडून एका प्राण्याचा विचार पुढे आला. प्रॉक्टर 1931 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या. आज आपण पेटीत जो उतार राखतो, त्यामागे त्यांचा विचार आहे. त्याला शास्त्राचा आधार 1944 मध्ये मिळाला. काउल्स आणि बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्या-सापांवर काम करून दाखवले की हे प्राणी हवामानाच्या हाती निमूट सापडलेले नसतात. उन्हा-सावलीत जागा बदलत ते आपले तापमान आश्चर्यकारक नेमकेपणाने राखतात. पाळणाऱ्याने जागा बदलण्याची सोयच ठेवली नाही, तर ही सारी क्षमता वाया जाते.

दुसरी वाट आपली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. परळच्या हाफकिन संस्थेत विष काढण्यासाठी साप ठेवले जात. तिथे सर्पसंशोधन करणारे पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1965 मध्ये काढले. मद्रासला रॉम्युलस व्हिटेकर यांनी सर्पोद्यान उभारले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये कात्रजचे सर्पोद्यान आले. या ठिकाणी सापांना आपल्याच देशाच्या उन्हाळ्यातून आणि पावसाळ्यातून पार न्यायचे होते. मातीचे मडके, झाडाची सावली, पाण्याचे टाके, जमिनीत खोल गेलेली खोली ही इथली साधी, स्वस्त साधने आहेत. पेटीतल्या सापाला त्यांतली निम्मी तरी लागू पडतात. लपायला पालथे घातलेले मडके, वरून भिजवलेले, हे मे महिन्यात कुठल्याही परदेशी प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा सरस ठरते.

झाशीला जवळचे आणखी एक उदाहरण भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातले. तिथल्या अजगरांवर भूपती आणि विजयन यांनी केलेला अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले अजगर साळिंदरांच्या बिळांत आसरा घेतात, थंडीत दिवसा बिळाच्या तोंडाशी ऊन खातात आणि पुन्हा आत जातात. हवामान जवळपास झाशीचेच. या मातीत अजगराने स्वतः शोधलेले उत्तर तेच आहे: खोल बीळ, आणि त्याच्या तोंडाशी ऊन. आफ्रिकेतल्या त्याच्या लहान भावासाठी पेटी आखताना याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

आज पाळणाऱ्यांत ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला पैदास करणाऱ्यांचा. 1992 मध्ये पाळीव पैदाशीतला पहिला अल्बिनो बॉल पायथन अमेरिकेत जन्मला आणि रंगांच्या नवनव्या जातींची, म्हणजे मॉर्फची, शर्यत सुरू झाली. शेकडो साप ठेवायचे तर खणांच्या मांडणीत सरकते प्लॅस्टिकचे डबे आले, मागून हीट टेप आली. असा डबा ऊब आणि ओल दोन्ही उत्तम धरतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण साप त्यात सरळ लांब होऊ शकत नाही, आणि माझ्या मते एवढे कारण घरगुती पाळणाऱ्याने तो नाकारायला पुरेसे आहे. उन्हाळ्यात तर त्याचा दुसरा दोष उघडा पडतो: डबा तापला की सापाला पळायला गार टोकच नसते. दुसरा पंथ नैसर्गिक मांडणीवाल्यांचा. मोठी पेटी, खरी माती, झाडे, वरून हॅलोजनचे ऊन आणि अतिनील किरणांचा दिवा. फ्रान्सेस बेन्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अतिनील गरजांचा मोठा तक्ता मांडल्यापासून या पंथाला बळ आले आहे. वरून येणारी ऊब अंगात खोल जाते आणि मातीचा जाड थर ओल सावकाश सोडतो, म्हणून माझा कल इकडे आहे. पण जाळीच्या झाकणाची काचेची पेटी आणि वर हॅलोजन ही परदेशी चित्रांतली जोडी झाशीच्या जानेवारीत पेटी वाळवते आणि मे महिन्यात भाजते. इथे लाकडाची किंवा पीव्हीसीची, बाजूला वायुवीजन असलेली पेटीच हवी.

मॅट, टेप, दिवा, सिरॅमिक हीटर यांपैकी काहीही वापरा, थर्मोस्टॅटशिवाय वापरू नका. थर्मोस्टॅट नसलेली मॅट पन्नाशीच्या पुढे जाऊ शकते आणि पोट भाजत असतानाही साप तिच्यावरून उठेलच असे नाही. आणखी एक, कारण उत्तरेत ही चूक सर्रास होते: सुताराकडचा देवदाराचा भुसा पेटीत घालू नका. त्याचा वास माणसाला आवडतो, पण त्यातली तेले सापाच्या श्वसनाला बाधतात. नारळाचा कोकोपीट आणि सोडणांचे तुकडे देशभर मिळतात आणि ओल धरण्यात कशालाही हार जात नाहीत.

हे पुस्तक आत्ताच का, याचे एक कारण कायद्यात आहे. 2022 ची वन्यजीव संरक्षण कायद्याची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी जाती प्रथमच या कायद्याच्या कक्षेत आल्या. 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची असते. नवा प्राणी आला तर मुदत 30 दिवसांची. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणे हा गुन्हा आहे आणि या पुस्तकातले काहीही त्यासाठी वापरू नये. दुसरे कारण बाजाराचे. 2023 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन सापडले. अशा वाटेने आलेला साप तहानलेला आणि गारठलेला असतो, त्याच्या छातीत बऱ्याचदा आजार बसलेला असतो, आणि कितीही चांगली पेटी हे नुकसान भरून काढू शकत नाही. कागद नसलेला साप घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी नाही.

पुस्तकाची आखणी साधनांनुसार केलेली नाही, ऋतूंनुसार केली आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत खोलीत काय घडते आणि त्याला पेटीने काय उत्तर द्यायचे, हा त्याचा क्रम. वीज गेल्यावर काय करायचे याला मी मुद्दाम भरपूर जागा दिली आहे, कारण थर्मोस्टॅट तापवणे थांबवू शकतो, गार करू शकत नाही. इन्व्हर्टरवर पंखा-कूलर राहील अशी जोडणी, तळमजल्यावरची आतली खोली, गार टोकाशी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, असे उपाय त्यात आहेत. अंडी उबवण्याचा विषय थोडक्यात आटोपला आहे. नवशिक्याने त्यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. औषधोपचार दिलेले नाहीत. साप आजारी वाटला तर परदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडेच जावे.

वाचकाला एक विनंती आहे. साप आणण्याआधी पेटी पूर्ण मांडा आणि ती रिकामीच चालू ठेवा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जानेवारीत. दोन्ही टोकांना डिजिटल मापक लावा, पहाटे आणि भर दुपारी आकडे वहीत लिहा. उबदार टोक 33 च्या वर गेले, गार टोक 28 च्या खाली आले नाही किंवा आर्द्रता दिवसेंदिवस पन्नाशीच्या खाली राहिली, तर खोली बदला, पेटी बदला, आणि पुन्हा मोजा. आकडे महिनाभर जागेवर राहिले, तरच साप आणा.